तेल-पाणी

आमच्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, पद्धत होती. लग्न होऊन मी रावेरकडून धुळ्याला आले, तेव्हा पहिली शिकवण मिळाली ती हीच: आबा समोर आले की पदर नाकापर्यंत आणि तोंड बंद. आबा म्हणजे माझे सासरे, सुपडू आबा. सासूबाई माझ्या आधीच गेलेल्या, त्यामुळे मधला माणूस म्हणजे माझा नवरा कौतिक.

आबा ओसरीवरून विचारायचे, "कौतिक, भाकर व्हयनी का?" मी चार हातांवर चुलीपाशी बसलेली असायचे आणि माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं. तरी कौतिक उठून आत यायचा आणि म्हणायचा, "आबा विचारतात, भाकरी झाली का." मी म्हणायचे, "झाली." तो बाहेर जाऊन सांगायचा, "झाली." याच्यापेक्षा पोस्ट खातं बरं, असं मी त्याला म्हणायचे आणि तो हसायचा. तो घरी नसला की आबा खाकरायचे आणि मी बांगड्या वाजवायचे. एकदा वाजल्या तर हो, दोनदा वाजल्या तर नाही. एवढ्यावर आमचा संसार नीट चालला होता.

एक्याण्णवच्या श्रावणात कौतिक काविळीने गेला आणि हातातल्या बांगड्याही गेल्या. आता आबा खाकरले तर मी तांब्यावर चमचा वाजवू लागले. शेजारच्या भिकुबाईंनी ते ऐकलं आणि मधल्या माणसाचं काम आपणहून अंगावर घेतलं. त्यांना तशी हौसच होती.

मी रडले नाही. पाहुण्या बायकांनी त्याची बरोबर नोंद घेतली. एक म्हणाली, पोरीचं काळीज दगडाचं आहे. दुसरी म्हणाली, धक्का बसला आहे, रडवा तिला. त्यांनी मला रडवायचा चांगला प्रयत्न केला, त्याला नावं ठेवणार नाही. पण मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करू? फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, तशा त्या मला अंगभर आल्या होत्या आणि उतरत नव्हत्या. जेवण पुढे आलं की जेवायचे, अंथरूण दिसलं की पडायचे. चव लागत नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मी कारखान्यात जाऊ लागले. दुःख विसरायला वगैरे नाही. घरात आबा आणि मी असे दोघे मुके समोरासमोर बसून राहायचो, त्यापेक्षा ते बरं होतं.

कारखाना म्हणजे एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. कौतिकने राजकोटहून एक यंत्र आणलं होतं. त्यात लाकडाचा चुरा टाकला की यंत्र तो दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या बाहेर काढतं. बॉयलरवाल्या गिरण्या त्या कोळशाऐवजी जाळतात. लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढराही नाही आणि कोळसाही नाही, पण नाव ठेवणाऱ्याला कोण विचारतो. यंत्र चालवायला असलम होता. पूर्वी लाकडाच्या वखारीत करवतीवर होता तो, चाळिशीचा, कमी बोलणारा.

अडचण लाकडाची होती. सागाचा भुसा मिळाला तर कांडी सुरेख होते, पण सागाच्या भुशाला गिऱ्हाइकं आधीच ठरलेली. आमच्या वाट्याला यायची ती वेडी बाभूळ, हिवर, कडुनिंबाच्या वाकड्या फांद्या. सुतार ज्याला हात लावणार नाही असं सगळं. लाकूड कठीण, पण त्याची कांडी कमजोर. यंत्रातून बाहेर पडतानाच अंगावर भेगा घ्यायची, पोत्यात भरेपर्यंत निम्मी मोडायची. दमट हवेत दोन दिवस ठेवली तर फुगून परत चुरा. कौतिक म्हणायचा, हे लाकूड दाबण्याआधी भाजून घेतलं पाहिजे. राजकोटला त्याला कोणीतरी तसं सांगितलं होतं. त्यासाठी त्याने डांबराचं एक रिकामं पिंप आडवं बसवून त्याला हँडल लावलं होतं. आत बाभळीच्या ढलप्या टाकायच्या, खाली जाळ घालायचा आणि पिंप फिरवत राहायचं. त्याने दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा ढलप्यांनी आतच पेट घेतला. मग त्याला कावीळ झाली.

मी ते पिंप पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याला झाकणच नाही. कौतिकने आयुष्यात वांगं भाजलेलं नव्हतं, त्याला कुठून कळणार. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भरताचं वांगं भाजताना जाळ वांग्याबाहेर राहतो, आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. ढलप्यांचंही तेच करायचं होतं. मी असलमकडून पिंपाला पत्र्याचं झाकण करवून घेतलं, धूर जायला बोटाएवढं भोक ठेवलं आणि बसले फिरवत.

आबा रोज माझ्यामागोमाग कारखान्यात यायचे. जळगावच्या एका दालमिलमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. पण सून पिंपापाशी बसलेली, जाळाजवळ पदर नाकापर्यंत ओढणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून त्यांनी तोडगा काढला. फाटकाशी खाट टाकली आणि आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक पाहत दिवसभर बसायचे. सून काय करते ते त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वास तेवढा येत असेल.

वास मलाही शिकवत होता. ढलप्या तापल्या की आधी नुसती वाफ येते. मग भोकातून आंबूस धूर निघतो, डोळ्यांत झोंबतो. त्यानंतर जरा गोडसर वास सुटतो, त्या वेळी ढलपीचा रंग गुळासारखा झालेला असतो. तिथे थांबायचं. लोभ केला आणि काळी होऊ दिली तर तिच्यातला चिकटपणा जळून जातो आणि कांडी धरत नाही. गुळाच्या रंगाची ढलपी मात्र सहज कुटली जाते, आणि तिच्या चुऱ्याची कांडी यंत्रातून निघते ती गुळगुळीत. दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजतात.

हे जमायला दिवाळी उजाडली. पहिली चांगली कांडी यंत्रातून बाहेर आली तेव्हा मी ती हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहत राहिले. असलम ओरडला, "भाभी, टाका! टाका ती!" यंत्रातून निघालेली कांडी विस्तवासारखी असते, आम्ही ती चिमट्याने उचलायचो. माझा तळहात लाल झाला होता, नंतर फोड आले. मला काही कळलं नव्हतं. असलम माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. मी कांडी पाण्याच्या बादलीत टाकली, विरघळते का ते पाहायला. विरघळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ती बादली तशीच कोपऱ्यात राहिली.

आनंद झाला का, असं कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. नाही. पण सकाळी उठल्यावर पिंपाची आठवण पहिली यायची. तेवढी एकच गोष्ट माझ्या हाताला लागत होती.

दिवाळीनंतर माझा भाऊ अभिमन भेटायला आला. माझ्यापेक्षा मोठा, केळीचा मळा सांभाळणारा, मनाचा चांगला. त्याने माझ्यासाठी एक जागा पाहून ठेवली होती. फैजपूरकडचे बिजवर, घरचं बरं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. "तू इथं काय करशील कुंदे?" तो म्हणाला. "मशीन विकून टाकतील आबा. मग?"

मशीन विकलं जाऊ नये आणि मला पिंपापासून कोणी उठवू नये, एवढं मला आतून कळत होतं, पण ते शब्दांत आणायचं म्हणजे तळघरातून पोतं वर ओढण्यासारखं जड काम होतं.

त्याच आठवड्यात असलमने खबर आणली. सरकीच्या तेलगिरणीचे रतिलाल शेठ बॉयलरसाठी वर्षभराचं जळण ठरवणार होते. कोळशाचा व्यापारी यायच्या आधी आम्ही एक टेम्पो कांडी घेऊन यावं, बॉयलरमध्ये जाळून पाहू, असं ते म्हणाले होते. अभिमनने ते ऐकलं आणि सरळ हिशेब मांडला. शेठने कांडी घेतली तर कारखाना चालेल, मग तू राहा. नाही घेतली तर मशीन विकू दे आणि तू माझ्याबरोबर चल. चाचणीच्या दिवशी मी येतो.

त्या संध्याकाळी भिकुबाई माझ्याकडे आल्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "आबा म्हनतस, अभिमनले सांगा, तिले लई जाय."

तिला घेऊन जा. मी पोळपाटावरचं पीठ झाडलं. सासऱ्याला मी नको होते. वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही. बरोबरच होतं म्हणा. मुलगा गेला, त्याची बायको घरात तांबे वाजवत फिरते, कोणाला आवडेल?

तरी मी पिंप फिरवत राहिले. टेम्पोभर कांडीला पुरेल एवढा चुरा भाजून, कुटून, शेडमध्ये त्याचा ढीग लावला. चाचणीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये भेटायला आलेल्या भिकुबाईंना मी म्हणाले, "अजून एखाद्या कांडीला बारीक भेग दिसते. काय करावं कळत नाही." सहज बोलले. आबा फाटकाशी पाठमोरे होते. मग ढिगावर ताडपत्री टाकून मी दिवेलागणीला घरी आले. आबा मागे राहिले, तेही नवीन नव्हतं.

सकाळी शेडमध्ये पाय टाकला आणि जवसाच्या तेलाचा वास आला.

मी ताडपत्री ओढली. खाली गोणपाटं अंथरलेली होती, ती मी ठेवलेली नव्हती. गोणपाटं उचलली तर ढीग चमकत होता. हात घातला. चुरा तेलकट, ओलसर, वरून खालपर्यंत सारखा चोळलेला. असं काम नवखा माणूस करत नाही. ज्याने जन्मभर केलं आहे त्याचाच हात असा फिरतो.

दालमिलमध्ये तूर भरडण्याआधी तिला तेल-पाणी देतात, ते मला कौतिकने सांगितलं होतं. तुरीचं साल हट्टी असतं, सुटत नाही. म्हणून तिला तेल चोळायचं, पाणी शिंपडायचं, गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्यायचं. मग तूर ऐकते. आबांच्या लेखी जगातल्या सगळ्या हट्टी वस्तूंवर हाच इलाज होता. दाराची कडी अडली, तेल-पाणी. कौतिक लहानपणी शाळेत जाईना, तर आबा म्हणायचे त्याला जरा तेल-पाणी द्या. आणि आता बाभळीचा चुरा भेगा घेतो, असं त्यांनी पाठमोऱ्याने ऐकलं होतं.

पण डाळीत दाणा सालीपासून सुटायला हवा असतो. कांडीत कणाने कणाला धरायला हवं. तेल लागल्यावर कोण कोणाला धरतं?

असलम आला, त्याने मूठभर चुरा दाबून पाहिला, मूठ उघडली तर तो बोटांतून घरंगळला. "भाभी, हे कोणी केलं?" मी फाटकाकडे पाहिलं. आबा खाटेवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. पाठ ताठ होती. आपण चांगलं काम करून ठेवलं आहे आणि आता कोणीतरी बघेल, अशी वाट पाहणारी पाठ. तेल त्यांनी स्वतः आणलं असणार. एवढा ढीग एकट्याने चोळायचा म्हणजे त्यांच्या वयाला खांदे निघून गेले असणार.

कोणासाठी? मला घेऊन जा म्हणणाऱ्या माणसाने हे कोणासाठी केलं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि जाईना. पण टेम्पो आला होता, अभिमन आला होता, कोळशाचा व्यापारीही त्याच दिवशी यायचा होता. आम्ही यंत्र चालू केलं. कांड्या आल्या, निघतानाच पिसासारख्या सोलल्या गेल्या, मोडल्या. ज्या आल्या त्या आम्ही फावड्याने भरल्या. असलमने निघताना कोपऱ्यातली बादली टेम्पोत ठेवली. आबा मागे पोत्यांवर बसले, बादली हिंदकळू नये म्हणून मांडीत धरून. ती कसली बादली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एवढं जपून धरलं होतं त्यांनी.

गिरणीत जे व्हायचं तेच झालं. फायरमनने फावडं मारलं, तेलाचा भडका उडाला, काळा धूर सुटला आणि सगळा चुरा जाळीतून खाली राखेत गळला. दाबाचा काटा जरा हलला आणि परत खाली आला. रतिलाल शेठनी धोतराने नाक झाकलं. "बेन, हे तर भुसा आहे," ते म्हणाले. "याला कांडी कसं म्हणायचं?"

अभिमनने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विजय नव्हता, तो तसा नाही. "कुंदे, चाल आता घरी," तो हळू म्हणाला. "माय वाट पाहून ऱ्हायली."

मी पदर सारखा केला. निघायचं तर निघायचं. तेवढ्यात आबा पुढे झाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मी त्यांना कोणापुढे टोपी काढताना पाहिलेलं नव्हतं, दालमिलच्या मालकापुढेही काढत नसत म्हणे.

"शेठ, चूक मनी शे," आबा म्हणाले. "पोरना काय दोष नही. तिनं चांगलं भाजेल व्हतं. मी तेल-पानी दिनं, बठ्ठा ढीग मीच बिघाडा. आखो एक डाव द्या तिले."

आणि माझ्या आतून काहीतरी वर आलं. रडू नव्हतं ते, राग होता. चांगला सणसणीत राग, कानशिलं तापवणारा. किती महिन्यांनी अंगात काहीतरी गरम वाहत होतं. पदर डोक्यावरून घसरला, मी तो सावरला नाही. मी आबांकडे वळले आणि माहेरच्या बोलीत, सगळ्या गिरणीदेखत ओरडले.

"आबा! मले इचारलं काहून नाही?"

बॉयलरचा आवाज होता, तरी सगळ्यांनी माना वळवल्या. अभिमनने तोंडावर हात ठेवला. आबांनी मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोनले इचारतू?" ते म्हणाले. "तू बोलस कोठे? आनि मी तरी कोठे बोलस?"

"मग मले घेऊन जा, असा निरोप काहून धाडला?"

"तू रडनी नही, बोलनी नही. माले वाटनं, तुले माहेर जावानं शे. आपुन कशाले अडकावानं?" त्यांचा आवाज फाटला. "मंग वाटनं, पास व्हयनं तं ऱ्हाशी. म्हनीन तेल-पानी करं."

दोन माणसं एका छपराखाली, एकमेकांना काय हवं आहे ते तांब्या-चमच्याने विचारत होती. शहाण्यांची पैदास नुसती.

असलमने ती बादली शेठपुढे ठेवली आणि त्यातली कांडी काढून दिली. "दिवाळीपासून पाण्यात आहे, शेठ. भाभीच्या हातची." शेठनी ती पुसली, जमिनीवर आपटली, नखाने कोरून पाहिली. मग म्हणाले, कोळसेवाल्याला मी एक आठवडा थांबवतो, पण बेन, पुन्हा तेल नको. तेल विकायचा धंदा माझा आहे.

अभिमन एसटीला निघाला तेव्हा मला म्हणाला, "मग मायले काय सांगू?" मी म्हटलं, सांग, बिघडलेला ढीग उपसायचा आहे, तिला वेळ नाही. तो हसला आणि गेला.

शेठने पुढे कांडी घेतली. बरीच वर्षं घेतली. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी पिंपाखाली जाळ घातला, पदर कमरेला खोचला आणि हँडल धरलं. फाटकाशी खरखर झाली म्हणून पाहिलं, तर आबा खाट ओढत होते. त्यांनी ती पूर्ण फिरवली, रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड, आणि तिच्यावर बसले. खाकरले नाहीत.

"व्हयनं का?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, मध्ये कोणी नव्हतं.

"नाही अजून," मी म्हटलं. "आंबूस वास जाऊ द्या."

ते थांबले. धूर पांढरा होत गेला. "आते?"

"नाही आबा, अजून थोडं."

"कौतिक बी असाच घाई करे," ते म्हणाले.

त्याचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं, तो गेल्यापासून. माझ्या तळहातावरचे जुने फोड हँडलला घासले आणि एकदम आग झाली. मी हँडल सोडलं. मग मला रडू आलं, पोटातून, मोठ्याने, शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर येऊन बघतील असं. पदर तोंडाला लावायचंही सुचलं नाही.

आबा उठून जातील असं वाटलं होतं. ते तिथेच बसून राहिले.

"रड," ते म्हणाले. "मी आठेच शे."

तो पिंपभर माल करपला. दोघांपैकी कोणीही उठलं नाही.